बिंगवर तुमचं दुकान दिसतं का?

हा लेख वाचायला घेण्याआधी एक छोटं काम करा. घरात लॅपटॉप असेल तर उत्तम, नाहीतर फोनही चालेल. गुगल बाजूला ठेवा आणि बिंग उघडा. तिथे तुमच्या दुकानाचं, होमस्टेचं, शिवणक्लासचं किंवा घरगुती मसाल्यांच्या व्यवसायाचं नाव लिहून शोधा. मग ते नाव पुसा आणि तुम्ही जे विकता ते लिहा, पुढे शहराचं नाव जोडा. दिसलात का?

पहिल्या शोधात निदान तुमचं फेसबुकचं एखादं जुनं पान तरी सापडेल. दुसऱ्या शोधात मात्र काहीच नाही, असं अनेकांचं होतं. मग लगेच मनात येतं, जाऊ दे, बिंग वापरतं कोण? मला हा प्रश्न जयपूरच्या मराठी मैत्रिणींनी इतक्या वेळा विचारलाय की आजचा सगळा लेख त्याच्या उत्तरासाठीच ठेवलाय.

तर, बिंग वापरतं कोण? खरं सांगायचं तर तुम्ही-आम्ही नाही. जगातले सुमारे ९० टक्के शोध गुगलवर होतात. बिंगचा वाटा ४ टक्क्यांच्या आसपास. भारतात मोबाइलवर तर जवळजवळ सगळेच गुगल वापरतात. ‘शोधून बघ’ म्हणायच्या ऐवजी आपण ‘गुगल कर’ म्हणतो, यातच सगळं आलं. पण हे आकडे सगळी उपकरणं आणि सगळे देश एकत्र करून काढलेले असतात. त्यातून फक्त टेबलावरचे संगणक आणि लॅपटॉप वेगळे काढले की बिंगचा वाटा १० टक्क्यांच्या वर जातो, आणि अमेरिकेत तो त्याहूनही जास्त असतो.

याचं कारण साधं आहे. नव्या विंडोज संगणकात एज हा ब्राउझर आधीच बसवलेला असतो आणि एजच्या शोधपट्टीमागे बिंग असतं. ऑफिसचा लॅपटॉप मिळालेला माणूस सेटिंग बदलायला कशाला जातो? कित्येक कंपन्यांत तर बदलायची परवानगीही नसते. जे समोर आहे त्यात तो टाइप करतो आणि कामाला लागतो.

या सवयीची किंमत किती मोठी असते, हे अमेरिकेतल्या एका खटल्यात उघड झालं. अमेरिकी सरकारनं गुगलवर मक्तेदारीचा खटला भरला होता. आपलंच शोधयंत्र आधीपासून बसवलेलं असावं यासाठी गुगलनं फोन आणि ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्यांना २०२१ या एका वर्षात २६ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम दिली, हे त्यात समोर आलं. मायक्रोसॉफ्टचे सत्या नडेला ऑक्टोबर २०२३मध्ये साक्षीला उभे राहिले. लोक सकाळी उठतात, दात घासतात आणि गुगलवर शोधतात, अशा अर्थाचं ते कोर्टात बोलले. सवय मोडणं किती अवघड आहे, हे बिंगच्या मालकांनीच सांगितलं म्हणायचं! ५ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायाधीश अमित मेहता यांनी निकाल दिला, की शोधाच्या बाजारात गुगलनं बेकायदा मक्तेदारी टिकवली.

आपल्याला त्या खटल्याशी काय देणंघेणं, असं वाटेल. मला त्यातून एवढंच घ्यायचंय, की माणूस शोधयंत्र निवडतो असं आपण समजतो, पण बहुतेक वेळा समोर ठेवलेलं तो वापरतो. म्हणून आपण स्वतः काय वापरतो हे बघून उपयोग नाही. आपल्या ग्राहकाच्या समोर काय ठेवलेलं आहे, ते बघायचं.

जयपूरचा ग्राहक बसतो कुठे?

जयपूरमध्ये हा प्रश्न फार महत्त्वाचा ठरतो, कारण इथला बराचसा धंदा बाहेरच्या माणसावर चालतो. १७२७ साली सवाई जयसिंगांनी हे शहर आखून वसवलं आणि कारागिरांना, व्यापाऱ्यांना इथे बोलावून घेतलं. तेव्हापासून इथला माल दूर जातोय. जोहरी बाजारातली रत्नं, सांगानेरची पांढऱ्या कापडावरची नाजूक फुलांची छपाई, बगरूची चिखलाचा लेप देऊन केलेली दाबू छपाई, ब्लू पॉटरी, हलक्या कापसाच्या रजया. २०१९मध्ये परकोट्याच्या आतलं जुनं शहर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. जुन्या हवेल्यांत आणि घरांत होमस्टे चालवणाऱ्यांचा धंदाही परगावच्या आणि परदेशच्या पाहुण्यांवरच असतो.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, प्रतापनगरमध्ये राहणाऱ्या एक मराठी ताई आहेत. नवऱ्याच्या बदलीमुळे पुण्याहून जयपूरला आल्या आणि इथेच रमल्या. प्रतापनगरहून सांगानेर जवळच. तिथल्या छिपा कारागिरांकडून त्या ठशांची छपाई केलेलं कापड घेतात, शेजारच्या तीन-चार बायकांकडून रजया आणि दोहर शिवून घेतात आणि आपल्या छोट्याशा वेबसाइटवर विकतात. शिवणाऱ्या बायकांना पैसे नगावर मिळतात. म्हणजे ऑर्डर आली तर चार घरांत पैसे जाणार, नाही आली तर नाही.

या ताईंचा ग्राहक कोण? मालवीयनगरमधली शेजारीण नव्हे, तिला बापू बाजारात हवी तशी रजई घासाघीस करून मिळते. ताईंची रजई घेते ती अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणारी एखादी बाई. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या लॅपटॉपवर ती ‘हँड ब्लॉक प्रिंट क्विल्ट, किंग साइझ’ असं काहीतरी लिहून शोधते. तो लॅपटॉप विंडोजचा असतो आणि शोधपट्टी बिंगची.

ताईंना हे दिसतच नाही. त्यांच्या फोनवर गुगल, त्यांच्या मुलाच्या फोनवर गुगल. वेबसाइट बनवून देणाऱ्या मुलानं ‘गुगलवर टाकलंय’ म्हणून सांगितलं, की काम संपलं. दुकानाला दोन दारं आहेत आणि एकाला कायम कुलूप लागलेलं आहे, हे मालकिणीलाच ठाऊक नाही, असा हा प्रकार.

तुमचा सगळा ग्राहक मात्र गावातला असेल, तर मी वेगळा सल्ला देईन. डबे पुरवता, गल्लीतली ब्युटी पार्लर चालवता, मुलांच्या शिकवण्या घेता, तर आधी गुगल मॅपवरची नोंद आणि व्हॉट्सअ‍ॅप नीट करा. बिंग नंतर, एखाद्या निवांत रविवारी. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे, ज्यांचा ग्राहक लांब आहे किंवा कामाच्या टेबलावर बसून शोधतो.

एका खटाटोपात चार घरं

बिंगवर दिसण्याचा फायदा बिंगपुरता राहत नाही. याहूचा शोध २००९च्या करारापासून मायक्रोसॉफ्टच्या आधारावर चालत आलाय. खासगीपणा जपणारं म्हणून ज्याचं नाव होतं त्या डकडकगोवर दिसणारे नेहमीचे दुवे बहुतांशी बिंगकडूनच येतात. जाहिरातींच्या पैशातून झाडं लावणारं इकोशिया बिंगचेही निकाल वापरत आलंय. मायक्रोसॉफ्टचा कोपायलट तर घरचाच. आणि चॅटजीपीटीला इंटरनेटवरचं काही विचारलं, तर तो इतरांसोबत बिंगचीही मदत घेतो, असं ओपनएआयनं सांगितलेलं आहे. सगळेच असे परावलंबी नाहीत. ब्रेव्ह स्वतःचा साठा बाळगतं. पण बाकीच्यांचं बरंचसं पाणी एकाच विहिरीतून येतं.

२३ मे २०२४ला याचा पुरावाच मिळाला. त्या दिवशी बिंगमध्ये काही तास बिघाड झाला. लगेच डकडकगो आणि इकोशियाचे निकाल येईनासे झाले, कोपायलट अडखळला, चॅटजीपीटीचा इंटरनेटवरचा शोधही थांबला. वेगवेगळ्या पाट्या लावलेल्या दुकानांमागे गोदाम एकच आहे, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

म्हणजे ताईंच्या रजया त्या गोदामात पोचल्या, की एका कामात चार-पाच ठिकाणी दिसण्याची शक्यता तयार होते. शक्यता म्हणतेय, खात्री नव्हे. हा फरक लक्षात ठेवा, पुढे एका फोनकॉलच्या वेळी तो कामी येईल.

आधी बघा, तुम्ही आत आहात का

सुरुवातीला एक तपासणी करा, दोन मिनिटांची. बिंगच्या शोधपट्टीत इंग्रजीत ‘साइट’ हा शब्द लिहा, त्याला चिकटून कोलन द्या आणि मध्ये जागा न सोडता तुमच्या वेबसाइटचा पत्ता लिहा. तुमची जी पानं बिंगला माहीत आहेत त्यांची यादी येते. ताईंच्या साइटवर साठ रजया असतील आणि यादीत फक्त मुखपृष्ठ आणि ‘आमच्याविषयी’ हे पान येत असेल, तर त्या साठही रजया बिंगच्या दृष्टीनं जगात नाहीतच.

त्यानंतर बिंग वेबमास्टर टूल्समध्ये खातं उघडायचं. फुकट आहे. इथे मायक्रोसॉफ्टनं एक सोय फार चांगली केलीय. तुम्ही गुगल सर्च कन्सोलमध्ये साइट आधी नोंदवली असेल, तर तिथली माहिती थेट आत घेता येते, मालकी पुन्हा सिद्ध करायची गरज पडत नाही. चहा उकळायला ठेवून गॅसपाशी उभं राहूनही होईल इतकं सोपं काम आहे. तिथे नोंद नसेल तर बिंग एक छोटी फाइल किंवा कोडची एक ओळ देतं, ती साइटवर ठेवायची. ज्यानं साइट बनवून दिली त्याला सांगा, एवढं तो फोनवर बोलता बोलता करेल.

आत गेल्यावर साइटमॅप द्यायचा. साइटमॅप म्हणजे तुमच्या साइटवरच्या सगळ्या पानांची यादी असलेली फाइल. जयपूरचं जुनं शहर ज्यांनी पाहिलंय त्यांना हे पटकन कळेल. सरळ रुंद रस्ते, ठरावीक जागी चौपड, ओळीनं दुकानं. बडी चौपडवर उभं राहिलं, की कुठला रस्ता कुठे जातो हे नव्या माणसालाही सांगता येतं. शोधयंत्राचा जो प्रोग्रॅम साइटवर फिरतो, म्हणजे बिंगच्या बाबतीत बिंगबॉट, त्याला असंच आखीव शहर आवडतं. एखाद्या रजईच्या पानावर जायला मुखपृष्ठावरून रस्ताच नसेल, ते फक्त इन्स्टाग्रामच्या एखाद्या जुन्या दुव्यावरूनच उघडत असेल, तर तो तिथे पोचेलच असं नाही.

कधीकधी रस्ता असतो, पण दारावर पहारेकरी उभा असतो. साइटवर नको ते प्रोग्रॅम येऊ नयेत म्हणून सुरक्षेचं एखादं प्लगइन बसवलेलं असतं किंवा होस्टिंगवाल्यानं अडथळा घातलेला असतो, आणि त्यात बिंगबॉटही अडकतो. गुगलचा प्रोग्रॅम सोडला जातो, कारण त्याचं नाव सगळ्यांना ठाऊक. वेबमास्टर टूल्समध्ये एखाद्या पानाचा पत्ता टाकून तपासता येतं, की बिंग ते वाचू शकतं की नाही. नाही असं आलं, तर साइटवाल्याला नेमकं विचारा: ‘रोबोट्सच्या फाइलमध्ये किंवा फायरवॉलमध्ये बिंगबॉट अडवलाय का?’ असा नेमका प्रश्न विचारलात, की ‘बघतो मॅडम’ न होता काम होतं.

ग्राहकाच्या तोंडी जो शब्द, तोच पानावर

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. पुष्कळ घरगुती साइटवर वस्तूंना कवितेसारखी नावं दिलेली असतात. ‘बहार’, ‘गुलमोहर’, ‘सांजरंग’. ऐकायला गोड, पण ‘सांजरंग’ लिहून परदेशातली बाई रजई कशी शोधणार? बिंगच्या मार्गदर्शक सूचनांत क्रम ठरवताना काय बघितलं जातं ते दिलेलं आहे. शोधलेल्या शब्दांशी पानाचं नातं, मजकुराचा दर्जा आणि विश्वासार्हता, लोक त्या निकालाला कसा प्रतिसाद देतात, माहिती किती ताजी आहे, जागा कुठली आणि पान किती लवकर उघडतं. यातली पहिली गोष्ट तर तुमच्या हातातली आहे. पानाच्या शीर्षकात वस्तू काय आहे ते सरळ लिहा. हातानं ठसे मारलेली सुती रजई, सांगानेरी छपाई, मोठ्या पलंगाची. ‘सांजरंग’ हे लाडकं नाव त्यानंतर खुशाल येऊ द्या.

इथे जयपूरचेच एक मराठी पूर्वज आठवतात. सवाई जयसिंगांच्या पदरी पंडित जगन्नाथ सम्राट होते, मूळचे महाराष्ट्रातले मानले जातात. ग्रहताऱ्यांचं परदेशी ज्ञान हवं होतं, तर ते अरबी-फारसी शिकले आणि युक्लिडची भूमिती अरबीतून संस्कृतात आणली, ‘रेखागणित’ या नावानं. ज्याच्याकडून घ्यायचं त्याची भाषा शिकायची, इतका साधा व्यवहार. आपल्याला तर फक्त पंधरा-वीस शब्द शिकायचेत. तेही वेबमास्टर टूल्समधल्या कीवर्डच्या भागात मिळतात. एक शब्द टाकला, की लोक त्याच्या जवळपासचे कोणते शब्द शोधतात ते दिसतं. ‘रजाई’ आणि ‘क्विल्ट’ यांतला कुठला शब्द तुमच्या ग्राहकाच्या तोंडी आहे, ते तिथे बघा, अंदाज करू नका.

तेच शब्द पानावर वीस वेळा कोंबायचा मोह मात्र आवरा. आमटीत मीठ लागतं म्हणून कुणी मूठभर घालत नाही. शब्द कोंबलेली पानं बिंग फसवणुकीत धरतं आणि साइट यादीतून बाहेरही जाऊ शकते.

दुसरी चूक फोटोंची. विक्रीची सगळी माहिती, म्हणजे माप, किंमत, कापड, धुण्याच्या सूचना, एका सुंदर चित्रात लिहून ते चित्र पानावर लावून टाकतात. व्हॉट्सअ‍ॅपला ते ठीक. पण चित्रातली अक्षरं शोधयंत्र वाचेलच याचा भरवसा नाही. माहिती अक्षरांत लिहा आणि प्रत्येक फोटोला एका ओळीचं वर्णन जोडा. ते वर्णन दृष्टिहीन माणसांना वाचून दाखवणारी साधनंही वापरतात, त्यामुळे दुहेरी पुण्य. काही झगमगीत साइटवर मजकूर जावास्क्रिप्टमधून नंतर भरला जातो. बिंग ते वाचू शकतं, पण मोठ्या प्रमाणावर वाचायला मर्यादा आहेत, असं त्यांच्याच सूचनांत म्हटलंय. घरगुती दुकानाची साइट साधी असलेलीच बरी, पान उघडतंही लवकर.

माल बदलला, सांगितलं का?

ताईंकडे एका नक्षीच्या दोनच रजया असतात. त्या विकल्या गेल्या तरी बिंगला पुढचे कित्येक दिवस जुनंच पान माहीत असतं. माणूस येतो, ‘संपलं’ वाचतो, परत जातो. उलट, थंडीआधी नवा माल साइटवर चढवला आणि बिंगबॉट फिरकलाच दिवाळीनंतर, तर अमेरिकेतल्या थंडीच्या खरेदीचा मोसम हातचा गेला.

यावर २०२१च्या ऑक्टोबरमध्ये मायक्रोसॉफ्ट आणि रशियाच्या यांडेक्सनं मिळून इंडेक्सनाऊ नावाची व्यवस्था आणली. शोधयंत्र येईल तेव्हा येईल म्हणून वाट बघत बसायचं नाही. पान नवं आलं, बदललं किंवा काढलं, की साइट स्वतःच कळवते. नंतर चेक देशातलं सेझनाम आणि दक्षिण कोरियाचं नेव्हरही यात आलं. एकाला कळवलं की बाकीच्यांना कळतं. गुगल यात सामील झालेलं नाही, त्यामुळे गुगलसाठी यातून काही होणार नाही.

वर्डप्रेसवर साइट असेल तर मायक्रोसॉफ्टचंच इंडेक्सनाऊ प्लगइन फुकट मिळतं. बसवलं, सुरू केलं, विसरून गेलं तरी चालतं. वर्डप्रेस नसेल तर साइटवाल्याला विचारा, कित्येक ठिकाणी ही सोय आतच असते आणि फक्त चालू करायची राहिलेली असते. तेही जमत नसेल तर वेबमास्टर टूल्समध्ये जाऊन नव्या पानाचा पत्ता हातानं देता येतो. कळवलं म्हणजे पान वर आलं असं नाही. कळवल्यानं ते लवकर बघितलं जाण्याची शक्यता वाढते, इतकंच.

होमस्टे चालवणाऱ्यांनी एक जास्तीचं काम करायचं. बिंग प्लेसेसमध्ये आपल्या जागेची नोंद करायची. गुगलवर व्यवसायाची नोंद असेल तर तीही इथे आत घेता येते. पत्ता आणि फोन नंबर सगळीकडे अक्षरशः सारखा ठेवा. जयपूरमध्ये एकच पत्ता लोक तीन तऱ्हांनी लिहितात. कुणी रस्त्याचं नाव देतं, कुणी चौकडीचं, कुणी नुसतं ‘अमुक मंदिराच्या मागे’. माणसाला चालतं, यंत्राला ती तीन वेगळी घरं वाटू शकतात. ऑक्टोबर ते मार्च हा इथला पर्यटनाचा मोसम, त्यामुळे हे काम पावसाळ्यातच उरकलेलं बरं.

‘मॅडम, नंबर वन पर ला देंगे’

साइट सुरू केली आणि फोन नंबर तिथे टाकला, की हा फोन येणारच. आवाज गोड, बोलणं आत्मविश्वासाचं. महिना अमुक हजार द्या, तीन महिन्यांत सगळ्या शोधयंत्रांवर पहिला नंबर, लिखित गॅरंटी. मघाशी शक्यता आणि खात्री यांतला फरक लक्षात ठेवायला सांगितलं होतं, तो इथे वापरा. पहिला नंबर कुणालाही, कुठल्याही पैशात, खात्रीनं देता येत नाही. क्रम ठरवणं त्या माणसाच्या हातातच नाही.

पैसे जातात ते एक वेळ भरून काढता येतील. पण असे लोक कित्येकदा पाचशे-हजार रद्दी साइटवरून तुमच्या साइटकडे येणारे दुवे विकत घेऊन देतात. असे विकतचे दुवे बिंगच्या नियमांविरुद्ध आहेत आणि त्यासाठी साइट यादीतून काढली जाऊ शकते. तीन महिन्यांनी तो माणूस फोन उचलत नाही आणि ताई मात्र बसतात अर्ज-विनंत्या करत. शिवणाऱ्या बायकांच्या घरी तोवर काय शिजतं, हे त्याला कुणी विचारत नाही.

सगळेच वाईट असतात असं मी म्हणणार नाही. जयपूरमध्ये या कामात तरबेज असलेली तरुण मुलं पुष्कळ आहेत. कारदेखोसारखी कंपनी याच शहरात उभी राहिली. चांगला माणूस ओळखायची माझी एक सोपी खूण आहे. तो आधी तुमचा ग्राहक कोण आणि कुठला, हे विचारतो. आणि बिंग वेबमास्टर टूल्सचं खातं तुमच्या नावानं उघडून देतो, स्वतःच्या नावानं नाही. खात्याची चावी मालकिणीकडेच हवी, घराची असते तशी.

त्या फोनवर पैसे घालवण्यापेक्षा खऱ्या ओळखी वाढवा. ज्या कारागिराकडून कापड घेता त्याच्यावर आपल्या साइटवर चार ओळी लिहा, त्याचा फोटो लावा, अर्थात त्याला विचारून. दाबू छपाईत चिखलाचा लेप का देतात, सांगानेरी आणि बगरूत फरक काय, पहिल्या धुण्यात रंग जाऊ नये म्हणून काय करायचं, हे तुम्हाला येतं. ते लिहा. अशा पानाचा दुवा परदेशातली एखादी शिवणकामाची हौशी बाई आपणहून तिच्या मैत्रिणींना पाठवते. असा एक दुवा त्या हजार रद्दी दुव्यांपेक्षा मोलाचा.

किती दिवसांनी कळतं?

घाई करू नका. साइटमॅप दिल्यावर पानं यादीत यायला काही दिवस ते काही आठवडे जातात. दर दोन दिवसांनी खातं उघडून बघायची गरज नाही. लोणचं मुरताना बरणी सारखी उघडत नाहीत, तसंच. महिन्यातून एकदा, वीजबिल भरायच्या दिवशी, ‘सर्च परफॉर्मन्स’ या भागात जा. तिथे दोन आकडे महत्त्वाचे. किती वेळा तुमचं पान निकालात दिसलं, आणि त्यातून किती जणांनी त्यावर टिचकी मारली.

दिसतंय पुष्कळ वेळा, पण टिचकी कुणीच मारत नाही, असं असेल तर शीर्षक आणि त्याखालचं वर्णन पुन्हा लिहा. दुकानाची पाटी वाचून माणूस पुढे जातोय, म्हणजे पाटीत काहीतरी कमी आहे. दिसतच नसेल तर आधीची तपासणी परत करा, बिंगबॉट कुठे अडकतोय का ते बघा. आणि त्याच पानावर खाली लोकांनी कोणते शब्द लिहून तुम्हाला गाठलं त्याची यादी असते. ती वहीत उतरवून ठेवा. एखाद वेळी तिथे असा शब्द दिसतो, जो तुमच्या साइटवर कुठेच नाही. कुणीतरी ‘बाळाची रजई’ शोधत आलेलं असतं आणि ताईंकडे फक्त मोठ्या पलंगाच्या असतात. शिवणाऱ्या बायकांकडे उरलेले कापडाचे तुकडे असतातच. पुढच्या महिन्यात चार छोट्या रजया शिवून बघायला काय हरकत आहे?